दुसऱ्या मजल्यावरचा विसावा

वासंतीला जिन्यातून खाली मीच न्यायचो. तिच्या किडन्या गेल्या होत्या, एक दिवसाआड डायलिसिस. आमची बिल्डिंग सिल्वासात जुनी, घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि तिच्या पायांत जोर उरला नव्हता. मी दोन्ही हातांवर उचलायचो. ती एक हात माझ्या मानेभोवती टाकायची आणि दुसऱ्या हातात स्वतःची पर्स धरायची. पर्स मला कधी घेऊ दिली नाही. "मी पण काहीतरी उचलते ना," म्हणायची.

दुसऱ्या मजल्यावर कांतिभाईंच्या दारासमोर प्लास्टिकचं स्टूल असायचं. तिथे ती थांबवायची.

"अहो, बसवा मला. धाप लागलीय तुम्हाला."

मी सरकारी जीप चालवायचो, शिक्षण सातवी. ती मराठी शाळेत इंग्रजी शिकवायची. शाळा सुटली तरी शिकवणं काही सुटलं नव्हतं.

"कॅरी म्हणजे काय?" एकदा स्टुलावर बसल्या बसल्या विचारलंन.

"नेणे. एवढं येतं मला."

"मुळात तो गाडीचा शब्द. लॅटिनमध्ये गाडीला कार्रुस म्हणायचे, त्यातून आला. गाडीत घालून नेणे, ते कॅरी. तुम्ही जन्मभर केलंत ते कॅरी."

"आणि आता करतोय ते?"

"ते बेअर."

"अस्वल?"

ती इतकी हसली की कांतिभाईंची बायको दार उघडून बघून गेली. मग तिने नीट सांगितलं. बेअर म्हणजे अंगावर वाहून नेणे. बाई मूल पोटात वाढवते, जन्माला घालते, तेही बेअर. झाड फळ धरतं, तेही. दुखणं सोसायचं, तेही. आपला भार आणि हा शब्द एकाच जुन्या मुळातून आलेले.

"अजून काही निघतं का त्यातून?" मी विचारलं.

"एक निघतं. नंतर सांगते. चला, उशीर होतोय."

फेब्रुवारीत एका सकाळी ती गेली. आमची मुलगी तेजस्विनी आदल्या दिवशीच नाशिकहून आली होती. तीही आईसारखी इंग्रजीच शिकवते.

जिना अरुंद. वळणावर तिरडी फिरत नाही, म्हणून ती खाली फाटकाशी बांधली. शववाहिनी येऊन उभी राहिली. वर जमलेले म्हणाले, चादरीत घालून चौघं खाली नेऊ. मी म्हणालो, मी नेतो.

कांतिभाईंनी मला बाजूला घेतलं. माणूस चांगला, पण रीतीचा पक्का. "रघुनाथभाई, असं नाय करायचं. आमच्यात धणी बायकोला हात नाय लावत."

"तुमच्यात नसेल."

"तुमच्यात असतं काय?"

मला माहीत नव्हतं. कुडाळ सोडून इतकी वर्षं झाली, विचारायचं कुणाला? इथे प्रत्येक मजल्यावर वेगळा मुलूख आणि वेगळी रीत. मी एवढंच म्हणालो, "दर वेळी मीच नेतो."

मी तिला उचललं. दारातल्या खुंटीकडे नजर गेली. तेजस्विनीच्या ते लक्षात आलं. तिने पर्स काढून आपल्या हातात घेतली.

मेलेलं माणूस जड होतं म्हणतात. वासंती जड नव्हती. पण मानेभोवती तिचा हात नव्हता, त्यामुळे माझा तोल जात होता. तो हात सारखा खाली घसरायचा. तेजस्विनी तो उचलून परत तिच्या पोटावर ठेवायची.

दुसऱ्या मजल्यावर पाय आपोआप थांबले. स्टूल नव्हतं. वाट मोकळी करायला कुणीतरी आत नेलं होतं.

"चालो भाई, चालो," कांतिभाई मागून म्हणाले. "उचलल्यावर थांबायचं नाय."

मला हलता येईना.

तळमजल्यावर राहणारा सुकदेव खालून वर आला. धुळ्याकडचा, नरोलीला धाग्याच्या कंपनीत कामाला, नाइट करून तसाच आलेला. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि वर बघून म्हणाला, "थांबू द्या ना हो काकांना. आमच्याकडे विसावा राहतो. मसणात नेताना मध्ये टेकवतातच. तुमच्याकडं नाही राहत का, कांतिशेठ?"

 कांतिभाईंच्यातही अर्ध्या वाटेवर टेकवत असावेत. कारण तेच दार ढकलून आत गेले आणि स्टूल घेऊन आले.

एरवी ती बसायची, मी उभा असायचो. आज मी बसलो आणि ती माझ्या मांडीवर होती. जिन्यात वरपासून खालपर्यंत माणसं उभी होती.

मी तेजस्विनीला विचारलं, "बेअरमधून अजून कुठला शब्द निघतो? तुझी आई सांगायची राहिली."

तिला आधी कळेना. मग ती कठड्यावरून खाली बघत राहिली. खाली फाटकाशी बांबू दिसत होते.

"बीअर," ती म्हणाली. "पिण्याची नाही, बाबा. तिरडीला म्हणतात."

म्हणजे याच स्टुलावर, पर्स मांडीवर घेऊन बसलेली असताना तिच्या मनात ते आलं होतं. मी विचारलं तेव्हा मला चला म्हणाली.

मी उठायला गेलो. तिला घेऊन उठता आलं नाही. पुन्हा गेलो, पुन्हा नाही.

सुकदेव एक पायरी वर आला. "विसाव्यानंतर खांदेकरी बदलतात, काका. तुम्ही डोक्याकडून धरा. मी पायाकडून घेतो."

तिला दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचं नव्हतं मला. मी तिच्या हातावर हात ठेवला. खाली शववाहिनीच्या ड्रायव्हरने एकदा हॉर्न दिला, आणि कुणीतरी त्याला ओरडलं.

मग मी सुकदेवला म्हणालो, "धर."