अंबूच्या उताण्या

ज्या खळग्याचा पत्ता विचारत ती मुलगी माझ्या टपरीवर आली, तो खळगा मी स्वतःच बुजवला होता. त्या जागेवर तेव्हा तीन मोटारी उभ्या होत्या आणि चौथीचा मालक माझ्याशी पार्किंगवरून हुज्जत घालत होता. शनिवार होता. आषाढातल्या शनिवारी लोहगडवाडीत माणसाला उभं राहायला जागा नसते, मोटारींचं तर विचारूच नका. लोक किल्ला बघायला येतात म्हणे. मी बघतो तेव्हा ते फोनमध्ये स्वतःलाच बघत असतात.

मुलगी वडगावची, नाव अम्मारा. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते आणि पावसाळाभर कातळावरच्या पाण्याचे खळगे धुंडाळत हिंडते, असं तिनं सांगितलं. मला आबा म्हणाली. चहा घेतला, पैसे आधी दिले, मग फोनमधला एक फोटो पुढे केला. तिच्या सरांच्या जुन्या वहीतलं पान होतं, बावीस वर्षांपूर्वीचं. एका बारक्या किड्याचं चित्र आणि खाली लिहिलेलं: लोहगडवाडी, वरचा कातळ, करवंदीच्या जाळीशेजारी खळगा. एका बाईंनी दाखवला. बाई यांना 'उताण्या' म्हणतात.

मी किटली खाली ठेवली. तो शब्द या जगात दोनच माणसांना माहीत होता, निदान मला तसं वाटायचं. त्यातलं एक माणूस तीन वर्षांपूर्वी भाद्रपदात गेलं.

अंबू माझी बायको. लग्न होऊन वाडीत आली त्याच पावसाळ्यात तिला तो खळगा सापडला. बाजेएवढा लांब, हातभर खोल. उन्हाळ्यात ठणठणीत कोरडा, पावसात काठोकाठ. पाणी साठून आठ-दहा दिवस झाले की त्यात काहीतरी पोहायला लागायचं, आणि ते उलटं, पाठीवर पोहायचं. म्हणून त्या उताण्या. दरवर्षी ती सांगत यायची, "अवो, उताण्या आल्यात. येऊन बगा की जरा." आणि दरवर्षी मी म्हणायचो, पुढच्या वर्षी बघू.

मी रेल्वेत गेटमन होतो, माळवलीच्या बाजूला एका फाटकावर. एकतीस वर्षं गायमुख खिंड उतरून भाजे, भाज्यावरून फाटक, आणि पुन्हा वर. घरी आलो की जेवायचं आणि आडवं व्हायचं. जाणाऱ्या गाड्या बघायला मला वेळ होता, कारण त्याचा पगार मिळत होता. निवृत्त झालो तर टपरी टाकली, आणि टपरीचा हंगाम नेमका तोच. एकदा मी तिला म्हणालो, डासांच्या अळ्या असतील त्या, त्यात बघायचं काय. त्या दिवशी तिनं ताट असं आदळलं की आमटी सांडली.

ती गेल्यावरच्या पहिल्या आषाढात खळगा भरला. शेजारून जाता-येता मला वाटायचं की कुणीतरी हाक मारील. हाक कसली येतेय! मग उन्हाळ्यात मी तळाची माती खरवडून दरीत टाकली, मुरूम आणवून खळगा आणि आजूबाजूचा कातळ सपाट केला, रोलर फिरवला, वर सिमेंटचा थर दिला आणि पार्किंगची पाटी ठोकली. मुलगा अमृत तळेगावला असतो. त्याला म्हणालो, चार पैसे सुटतील. तो खूश झाला. खरं कारण मी कुणालाच सांगितलं नाही. मला तो खळगा बघवत नव्हता, एवढंच.

हे सगळं मी अम्माराला सांगितलं नाही. फक्त सिमेंट दाखवलं आणि म्हणालो, हा इथं होता, तळ खरवडून बुजवलाय. ती मला बोलली असती तर बरं झालं असतं, मीही दोन शब्द ऐकवले असते. ती नुसती मोटारींमधल्या जागेत उभी राहिली, पावसात, छत्री मिटलेली हातात धरून.

मग टपरीत बसून तिनं समजावून सांगितलं. इंग्रजीत यांना फेअरी श्रिम्प म्हणतात, परीकोळंबी म्हणा. कोळंबीच्या लांबच्या भाऊबंदांपैकी. पठारावरचे बाकीचे खळगे तिनं तीन पावसाळे तपासले होते. तिथे दुसऱ्या जाती मिळाल्या, पण वहीत काढलेली ही जात कुठेच नाही. खळगा आटला की या मरतात, पण अंडी चिखलात राहतात. चिखल वाळतो, वैशाखात कातळ तव्यासारखा तापतो, अंड्यांना काही होत नाही. दहा वर्षं, वीस वर्षंसुद्धा ती कोरडी पडून राहतात आणि पाणी लागलं की दोन दिवसांत फुटतात. त्यातही सगळी एकदम फुटत नाहीत. पाणी मधेच आटलं तर सगळा वंश जाईल, म्हणून काही अंडी पहिल्या पाण्याला फुटत नाहीत, मागं थांबतात. मला हे पटलं. फाटकावरही सगळ्यांनी एकदम जायचं नसतं, कुणीतरी मागं थांबावं लागतं.

"आबा, त्या खळग्यातली जुनी माती कुठं आहे का?" तिनं विचारलं. "मूठभर असली तरी पुरे. नाहीतर ही जात संपली असंच लिहावं लागेल."

"न्हाई," मी म्हणालो. फारच पटकन म्हणालो. तिनं एका कागदावर नंबर लिहून दिला आणि माळवलीची वाट धरली.

माती होती. माझ्या माजघरात होती, छातीएवढ्या उंचीची.

आमच्याकडे भात ठेवायला बांबूची कणगी असते, आतून-बाहेरून लिंपलेली. आता सगळ्यांनी प्लास्टिकची पिंपं आणलीत, पण अंबूनं शेवटपर्यंत कणगीच ठेवली. दिवाळीआधी ती नव्यानं लिंपायची. खालचे हात शेतातल्या मातीचे, शेण घालून. शेवटचा हात मात्र खळग्याच्या मातीचा. वाडीतल्या बाकीच्या बायका ओढ्याची माती आणायच्या. ही वैशाखात खळगा कोरडा पडला की टोपलीभर खरवडून आणायची, पिठासारखी चाळून गाडग्यात ठेवायची. त्यात शेण नाही, काही नाही. नुसती माती आणि पाणी. वर चार बोटांनी रेघा ओढायची, वरून खाली, नागमोडी. तिची करंगळी लहानपणी उखळात चेचली होती, वाकत नव्हती. त्यामुळे चौथी रेघ नेहमी अस्पष्ट यायची, कुठे कुठे तर नुसतीच चाहूल.

शेवटची लिंपली ती जायच्या आदल्या दिवाळीला. त्यानंतर कणगीत भात पडला नाही. अंबूचा फोटो म्हणाल तर आधार कार्डावरचा आहे, त्यात ती कुणीतरी दम दिल्यासारखी दिसते. ती अंबू नव्हे. तिच्या हातचं, तिच्या अंगचं असं घरात उरलं होतं ते या रेघांत. दिवसातून एकदा मी माझी बोटं त्यात ठेवून बघायचो. माझी बोटं जाड, तिच्या रेघांत बसत नाहीत.

आठ दिवस मी स्वतःशीच भांडलो. किड्यांचं काय एवढं, असं म्हणून पाहिलं. मग म्हटलं, तिच्या उताण्या एकदा बुजवल्यास, आता दुसऱ्यांदा बुजव. जेवण जाईना. शेवटी एक पळवाट काढली. कणगीची मागची बाजू भिंतीकडे, तिथे रेघा नाहीत. तिथली ओंजळभर माती खरवडली, अंबूच्या पितळी घंगाळात पागोळीचं पाणी धरलं आणि त्यात टाकली. चार दिवस सकाळ-संध्याकाळ वाकून बघत होतो. पाणी गढूळ ते गढूळच. पाचव्या दिवशी डासांच्या अळ्या झाल्या, त्या मात्र खऱ्या.

तेव्हा मी अम्माराला फोन केला आणि खोटं बोललो होतो हे सांगून टाकलं.

ती दुसऱ्याच दिवशी आली. माजघरात शिरली, कणगीपाशी गेली, हात पुढे केला आणि रेघा दिसताच मागे घेतला. न विचारताच कळलं तिला. मागची बाजू बघून म्हणाली, ही माती वेगळी दिसते. तिचं खरं होतं. मलाही तेव्हाच आठवलं. मागं कोण बगतंय, असं म्हणून अंबू चांगली माती पुढच्याच बाजूला लावायची. शिवाय पितळेच्या भांड्यात ही पिल्लं जगत नाहीत, हेही अम्मारानं सांगितलं. म्हणजे मी दोन्हीकडून चुकलो होतो.

"राहू द्या आबा," ती म्हणाली. "मी लिहीन की नाही मिळाली. हे मोडून नको."

ती खरंच उठली होती, पिशवी खांद्याला लावली होती. तिनं आग्रह केला असता तर मी नाही म्हणालो असतो, मला माझा स्वभाव माहीत आहे. तिनं केला नाही. मी आत जाऊन विळा आणला.

"तिनं जल्मभर बोलावलं मला," मी म्हणालो. "मी एकदाबी गेलो न्हाई. आता हितं बसून तिच्या रेघा कुरवाळतोय. कुनाच्या उपेगाच्या त्या?"

थर सगळ्यात जाड कमरेच्या उंचीवर होता आणि रेघाही तिथेच सगळ्यात ठळक होत्या. दुसरीकडून घेतली असती तर पुन्हा पळवाटच झाली असती. वीतभर जागा खरवडली. माती कागदावर पडताना फार बारीक आवाज येत होता. मी रडत होतो. अम्मारा कागद धरून बसली होती.

अर्धी माती तिनं डबीत घालून नेली. अर्धी मी टपरीतल्या निळ्या प्लास्टिकच्या टबात टाकली, ज्यात एरवी पाण्याच्या बाटल्या गार करतो. टब पडवीत ठेवला, पागोळीचं स्वच्छ पाणी धरून वीतभर भरला.

पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी काही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी पाण्यात धूळ दिसली. पुसायला म्हणून बोट घातलं, तर धूळ बाजूला सरली.

बारा दिवसांत त्या बोटाच्या पेराएवढ्या झाल्या. सतरा होत्या. अंग काचेसारखं आरपार, शेपटीला केशरी झाक, आणि पोटाकडून पायांची रांगच्या रांग, वाऱ्यावर भात डुलतो तशी हलणारी. सगळ्या पाठीवर. पोट आभाळाकडे करून सावकाश फिरत होत्या, कुणाची घाई नाही. दोघींच्या पोटाखाली अंड्यांची पिशवी दिसत होती. मी पाट घेऊन बसलो तो उठलोच नाही. रविवार होता. टपरीवरून हाका येत होत्या, काका चहा, काका मॅगी. चार-पाच जण कंटाळून गेले.

एवढंच होतं बघायचं. घरापासून दोनशे पावलं आणि पाच मिनिटं. अंबू काही फार मागत नव्हती. तिला दाखवायचं होतं आणि तिच्या शेजारी बसून कुणीतरी "हो गं, उलट्याच पोहतात" असं म्हणायला हवं होतं. ते वाक्य मी त्या दिवशी मोठ्यानं म्हटलं. पडवीत दुसरं कुणी नव्हतं.

अम्माराकडच्या अकरा जगल्या. ही जात कोणती ते ठरायला वेळ लागेल, इतक्यात कुणाला सांगू नका, असं ती म्हणाली. मी कुणाला सांगणार? अमृतला सांगितलं, तर तो म्हणाला, आबा, तुम्ही इकडे या राहायला, एकटे राहून असं होतं. पार्किंगची पाटी काढलीय हे त्याला अजून बोललो नाही. सिमेंट फोडायला माणूस सांगितलाय. तो पाऊस उघडल्यावर येतो म्हणतोय, म्हणजे येईल तेव्हा खरं.

महिन्याभरात एकेक करून सगळ्या मेल्या. त्यांचं आयुष्य तेवढंच असतं, अम्मारानं आधीच सांगून ठेवलं होतं. तरी शेवटची गेली त्या दिवशी मी टपरी उघडली नाही. मग टबातलं पाणी आटू दिलं. तळाशी बोटभर चिखल उरला, तो वाळून त्याच्या खपल्या झाल्या. यात आता नवी अंडी आहेत, कोरड्यात नीट ठेवा, ती फोनवर म्हणाली. निम्मी माती तिच्यासाठी काढून ठेवली. उरलेली कणगीला लावू का, असं मी विचारलं. ती म्हणाली, अंबूमावशींनी तेच केलं होतं, लावा. लगेच वाळली तर तेवढ्या ओलीनं अंडी फसून फुटणार नाहीत.

काल उघडीप होती. माती भिजवली आणि त्या वीतभर जागेवर लिंपली. लिंपणं काही जमलं नाही, कडेला गाठी राहिल्या. मग बोटं टेकवली, तिच्या वरच्या रेघा जिथे तुटल्या होत्या तिथे, आणि खाली ओढत तिच्या खालच्या रेघांना नेऊन मिळवली. माझ्या रेघा जाड आल्या आणि वाकड्या. तीनच बोटं नीट दाबली. करंगळी नुसती टेकवली.