शेवटच्या ओळीतली चूक

मी पियानो सुरात लावतो. पस्तीस वर्षं हाच धंदा. त्यामुळे चर्चमध्ये उपासनेला बसलो तरी माझे कान कामावरच असतात. पाळकसाहेबांचा सूर खाली, पुढच्या रांगेतल्या शिक्षिकाबाईंचा वर आणि शेजारी माझी बायको. तिचं तर विचारूच नका! डोळे मिटून, मोकळ्या गळ्याने, अगदी जीव ओतून बेसूर. ‘ठेव मला तुझ्या हाती’ या शेवटच्या ओळीतलं ‘हाती’ ती दर रविवारी अर्धा सूर वर नेते आणि दर रविवारी मी तिला कोपर मारतो. मी स्वतः मात्र कधी गात नाही. चुकलो तर शोभा व्हायची.

मंगळवारी तिच्या घशाचं ऑपरेशन होतं. गाठ निघेल, पण आवाज राहील याची खात्री नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. आठवडाभर मी देवाशी घासाघीस करत होतो. माझं काय हवं ते घे, पण तिचा आवाज ठेव.

ऑपरेशनच्या आधीच्या रविवारी गीत सुरू झालं. सगळे उभे राहिले. तीही उभी राहिली, पण ओठ मिटून.

“अगं, म्हण ना,” मी कुजबुजलो.

“नको. चुकेल माझं.”

“चुकू दे.”

“अहो, तोंड उघडलं की तुमचं कोपर आठवतं.”

ती हे रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गाठ तर आत्ता आली. देवासमोर तिचा गळा मी वर्षानुवर्षं दाबत होतो. आता कुठल्या तोंडाने त्याच्याकडे तिचा आवाज मागू? काही मागवेना, म्हणून गायला लागलो. आवाज चिरका, श्वास अपुरा. माझे कान सवयीने चुका दाखवत राहिले आणि मग केव्हातरी दमून गप्प झाले. प्रभू, ही तुझी आहे, मीही तुझाच आहे, पुढचं मला काही ठरवता येत नाही, एवढंच मनात होतं. भीती गेली नव्हती. डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं.

बरगडीत कोपर बसलं.

“किती बेसूर गाता हो!” ती म्हणाली आणि गायला लागली.

दोन कडवी तिने मोकळ्या गळ्याने म्हटली. तिसऱ्यात तिचा आवाज बसला. तिने खाकरून पाहिलं, पुन्हा तोंड उघडलं, पण नुसती हवा आली. तिने माझी बाही घट्ट धरली.

शेवटची ओळ आली. ‘ठेव मला तुझ्या हाती’. मी सगळ्यांपेक्षा मोठ्याने गायलो आणि ‘हाती’ अर्धा सूर वर नेलं.

शिक्षिकाबाईंनी मागे वळून पाहिलं.