ठमीच्या गालाचं अस्तर

टेबलावर टेपचे सहा तुकडे, दोन छोट्या रबरी कड्या, एक कात्री आणि ठमीच्या तोंडात टाळूला बसणारी एक प्लेट, एवढं मांडून ठेवलं होतं. प्लेटमधून एक तार वर आली होती आणि तिच्या टोकाला मुगाएवढी मऊ गोळी होती. ठमी अडीच महिन्यांची. जन्मतःच डावीकडे ओठ दुभंगलेला, त्या बाजूची नाकपुडी बसकी. ती गोळी नाकपुडीला आतून उचलून धरायची, म्हणजे ओठाच्या ऑपरेशननंतर नाक दोन्हीकडे सारखं दिसावं. गोळी बसवली त्या दिवशी डॉक्टरबाईंनी नाकपुड्यांची उंची मोजली होती: उजवी पाच मिलिमीटर, डावी दोन.

पण प्लेट जागेवर राहायची ती गालांवरच्या टेपच्या जोरावर, आणि गाल लालबुंद झाले होते. "कातडी फुटली तर प्लेट बंद ठेवावी लागेल," बाईंनी बजावलं होतं. "मग नाकपुडी पुन्हा बसेल."

"बाबा, मी आज टेप लावत नाही," ठमीची आई, घरातली सून, म्हणाली. "दूध लागलं की कोपरा सुटतो. मग ओढून काढा, नवा चिकटवा. दिवसातून पाचदा! बघवत नाही मला."

तिच्या सासऱ्यांनी चाळीस वर्षं शिंपीकाम केलेलं. घरीदारी बहुतेक सगळे त्यांना मास्तरच म्हणत. त्यांनी सुटलेला तुकडा उजेडात धरला. चौकोनी होता.

"कोपरा आहे म्हणून सुटतो. कॉलरचंही टोकच आधी झिजतं. आणि सगळी ओढ थेट गालावर! याला अस्तर हवं."

"लावा, लेकराला अस्तर लावा!" आजींनी टोमणा मारला. "काजं-बटणंही करून टाका, हौस राहायला नको."

मास्तरांनी बाईंना फोन लावला. जखमेवर लावतात ती मऊ, आपोआप चिकटणारी पट्टी गालावर चालेल, असं त्या म्हणाल्या. ठमी झोपल्यावर मास्तरांनी कागद तिच्या गालाशी धरून माप घेतलं. कापलेले तीन फर्मे फुकट गेले. डोळ्याखाली झोल येत होता. चौथा मात्र गालाच्या गोलाईत चपखल बसला. त्याबरहुकूम पट्टी कापली, एकही टोक न ठेवता. आता टेप पट्टीवर चिकटायचा आणि पट्टीवरूनच निघायचा. एकेक पट्टी चार-चार दिवस टिकली.

पुढच्या आठवड्यात बाईंनी ठमीचा चेहरा उजेडाकडे वळवला. गाल साफ होते.

"हे कापलं कुणी?"

"आमच्या मास्तरांनी," सून म्हणाली. एरवी ती त्यांना बाबा म्हणायची.

"मास्तर, तुमचा फर्मा मला द्याल? माझ्याकडे आणखी अकरा बाळं आहेत."

"कागदाचा नको, फाटेल. पुठ्ठ्याचे करून देतो, तीन मापांत. बाळं काय, महिन्याला वाढतात."

आजी तोंडाला पदर लावून हसल्या. पण घरी गेल्यावर पुठ्ठा त्यांनीच शोधून काढला.

ऑपरेशन ठरल्या तारखेला झालं. सहा आठवड्यांनी बाईंनी नाकपुड्यांचं पुन्हा माप घेतलं. उजवी सहा मिलिमीटर, डावी साडेपाच.