दोघांची शेगडी

दिवसभर उभं राहून इस्पितळाच्या चादरींना इस्त्री मारायची आणि संध्याकाळी बाबांकडे येऊन त्यांची धुराड्याची शेगडी पेटली की नाही ते बघायचं, अशा आई गेल्यापासून माझ्या दोन नोकऱ्या चालू होत्या. दुसरीला सुट्टीही नव्हती.

आज दादाही आला होता. बूटसुद्धा न काढता त्याने सुरुवात केली. "बाबा, परवा घरभर धूर कोंडला होता म्हणे. शेजारच्या काकूंचा फोन आला होता. आज माझ्यासमोर पेटवून दाखवा. पेटली तर राहा इथेच. नाहीतर कपडे भरा आणि माझ्याकडे चला."

बाबा शेगडीपुढे जाऊन बसले. उभी हयात त्यांनी कारखान्याच्या बॉयलरला लाकडं घालण्यात काढलेली. त्यांना शेगडी पेटवायला सांगणं म्हणजे माशाला पोहून दाखव म्हणण्यासारखं. पण परवा मला यायला उशीर झाला होता आणि धूर झाला होता, हेही खरंच होतं.

मी खुर्चीत जाऊन पडले. पाय ठणकत होते. खरं सांगायचं तर मला वाटत होतं, ती पेटूच नये. दादा त्यांना घेऊन जाईल, आणि मी कामावरून थेट घरी जाऊन आडवी होईन.

बाबांनी राख काढली. खाली कागदाचे बोळे, त्यावर कोरड्या ढलप्या, वर बोटाएवढी लाकडं आडवी-उभी. काडी ओढली. कागद पेटला तसे ते मागे सरकले आणि म्हणाले, "हं!"

काहीच झालं नाही. धूर शेगडीच्या दारातून घरात आला.

"हं!" ते पुन्हा म्हणाले.

दादा खोकत खिडकी उघडायला धावला. "झालं समाधान? मी काय वेगळं सांगत होतो?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कारखान्यात भट्टीवर दोन माणसं असायची. एक जाळ लावायचा, दुसरा धुराड्याच्या झडपेची साखळी धरून उभा. पहिल्याने "हं" म्हटलं की दुसऱ्याने ओढायची. ज्याच्या हातात काडी, त्याने साखळीला हात लावायचा नाही, हा तिथला कडक नियम. बाबांनी तोच घरी आणला. त्यांचं "हं" ऐकलं की आई हातातलं काम टाकून धुराड्याची झडप उघडायची. तिच्यानंतर मी उघडत होते, इतक्या सवयीने की माझ्याही ध्यानात आलं नव्हतं. बाबा काही विसरले नव्हते. ते वाट बघत होते.

"हं," ते तिसऱ्यांदा म्हणाले, अगदी हळू, कुणाकडेही न बघता.

मी नुसती बसून राहिले असते तर दादा त्यांना घेऊन गेला असता. पण उठले आणि झडप ओढली. धूर सरसर वर गेला, ढलप्या तडतडल्या, जाळ धरला.

"दादा, बाबांचं काही चुकलेलं नाही," मी म्हटलं. "याला दोन माणसं लागतात."

"आणि दुसरं माणूस रोज कोण? तू?" तो काही रागाने बोलला नाही. "आरशात बघितलंस का स्वतःला?"

बाबांनी मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं.

"ने मला," ते दादाला म्हणाले. "पोरगी पार दमलीय रे."

मला हायसं वाटलं. इतकं हायसं वाटलं की माझी मलाच लाज वाटली आणि रडू आलं.

"पण पेटता जाळ सोडून मी कधी निघालो नाही," बाबा म्हणाले. "हा विझू दे, मग निघू."

दादाने त्यांचे कपडे पिशवीत भरायला घेतले. सदरे, स्वेटर, कानटोपी. बाबा भिंतीला टेकून शेगडीकडे बघत बसले. बारीक लाकडं ती, कितीशी टिकणार? बघता बघता जाळ खाली बसला, नुसते निखारे उरले. दादाने पिशवीची चेन लावली.

माझे पाय उचलत नव्हते. तरी उठले, कोपऱ्यातला सगळ्यात जाड ओंडका उचलला आणि आत सरकवला.