पहिली मूठ

राहीने वाफ्यातलं भाताचं एक रोप उपटायला घेतलं, तर मूळ जमिनीतच राहिलं आणि हातात नुसती पिवळी काडी मोडून आली.

तिच्या आजाने, सोमाने, मृगाआधी धुळीत भात पेरलं होतं. वाडीची रीतच तशी. पहिली मूठ सोमाची, मग बाकीच्यांची. मृगाच्या सरींनी बी तरारून वर आलं आणि मग वीस दिवस पाऊस फिरकलाच नाही. अख्ख्या वाडीची रोपं करपली. हे सलग तिसरं साल. आज दुबार पेरणीसाठी माणसं बांधावर जमली होती. गयाबाईच्या टोपलीत घराघरातून गोळा केलेलं बियाणं होतं. हे गेलं की संपलं.

"काय सोमादादा," रामभाऊ म्हणाला, "नक्षत्रं बोलायची बंद झाली, का तूच बहिरा झालास?"

कुणीतरी खुदकन हसलं. सोमा पायाच्या अंगठ्याने ढेकूळ फोडत राहिला.

राहीचा तिळपापड झाला. बदलापूरच्या शाळेत नववीत होती ती. शाळेत पाऊस मोजायचं काम यंदा तिच्याकडे होतं आणि मागचे सगळे आकडे तिने हौसेने उतरवून घेतले होते. तिने दप्तरातून वही ओढली.

"रामभाऊकाका, हसू नका! अठ्ठ्याहत्तरपासूनचे आकडे आहेत माझ्याकडे. तेव्हा जूनमध्ये अठरा-अठरा दिवस पाऊस असायचा. आता नऊ. येतो तेव्हा चार दिवस धो धो, मग गायब. आजा नाय चुकला. पाऊसच बदललाय!"

"म्हंजे पुढल्या साली?" गयाबाईने विचारलं.

"पुढेपण असंच होत जाणार, शाळेतल्या बाई म्हणाल्या. जुन्या वेळा धरून चालायचंच नाय आता."

रामभाऊने मान खाली घातली. राहीची मान ताठ झाली. कशी जिरवली! तिने हसत आजाकडे पाहिलं.

सोमा पाय मागे घेऊन उभा होता, चुकून परक्याच्या शेतात शिरल्यासारखा.

"चुकलो असतो तं बरं झालं असतं, बाय," तो हळूच म्हणाला. "चूक सुधारता येते."

"तसं नाय आजा, मी तर..."

"खरं तेच बोललीस." त्याने गयाबाईच्या हातातली टोपली घेतली आणि रामभाऊपुढे धरली. "पहिली मूठ तू टाक."

"मी? अरे दादा, थट्टा केली मी. मला काय कळतं त्यातलं?"

"मला तरी काय कळतं?"

रामभाऊने हात पाठीमागे नेले. टोपली पुढे सरकली, तशी माणसं एकेक पाऊल मागे सरली. मग सगळ्यांच्या नजरा राहीवर आल्या.

"तू शिकलेली हायस ना, बाय?" गयाबाई काकुळतीने म्हणाली. "सांग मग. आज पेरू, का थांबू?"

राहीने वहीची पानं उलटली. त्यात पुढच्या पावसाचा आकडा नव्हता. तिने आजाकडे पाहिलं.

तोही इतरांसारखाच तिच्या उत्तराची वाट बघत उभा होता.