मला कोणी फिरवलंच नाही

अहो, वर काय बघताय? खाली बघा, बेसमेंटच्या कोपऱ्यात, प्लास्टिकच्या बादलीत. मी अमेरिकेतल्या, शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या या घराचा पाण्याचा मेन व्हॉल्व्ह. होतो, म्हणायला हवं. पितळी अंग, गोल मूठ. घरात येणारं पाणी आधी माझ्यातून जायचं, मग बाकी सगळ्यांकडे.

पण कौतुक कोणाचं? वरच्या हॉलमधल्या, घर किती फॅरनहाइट गरम ठेवायचं ते ठरवणाऱ्या थर्मोस्टॅटचं! रवींद्र ऑफिसातून आला की बूट काढायच्या आधी त्याच्याकडे जायचा. "अडुसष्ट ठेवू या." त्याची बायको शैलजा म्हणायची, "बहात्तर! गारठलेय मी." त्यांची नऊ वर्षांची लेक रुही स्टुलावर चढून गुपचूप चौऱ्याहत्तर करायची. दिवसातून दहादा त्या मेल्याला हात लागायचे. आणि मी? २००१ साली घर घेताना ते तपासायला आलेल्या इन्स्पेक्टरने माझ्याकडे बोट दाखवलं, रवींद्रने मान हलवली, आणि आठवड्याभरात माझ्यापुढे गणपतीच्या मखराचे खोके रचले. जळायचो मी. खोटं कशाला बोलू?

२००३च्या डिसेंबरात सगळे तीन आठवड्यांसाठी पुण्याला निघाले. येताना शैलजाच्या आईला, शोभाताईंना, घेऊन यायचं होतं. वडील गेल्यापासून आईला इकडे यायला राजी करताना शैलजाची तीन वर्षं गेली होती. आईसाठी तिने बेसमेंटमध्ये खोली सजवली. नवं कारपेट, छोटा देव्हारा, लागूनच बाथरूम. पडदे तर तिने स्वतः शिवले. दिवसातून दोनदा येऊन बघायची, पलंगावर बसून उठायची. माझ्यापासून चार पावलांवर, पण माझ्याकडे नजर नाही.

निघायच्या आदल्या दिवशी रवींद्रचा मित्र विनय किल्ली घ्यायला आला. "हीट पंचावन्नवर ठेव, पाणी मेनला बंद कर, सिंकखालची कपाटं उघडी ठेव. पाइप फ्रीझ होतात यार इथे."

"हो रे, करतो," रवींद्र म्हणाला. पण घर बंद करताना हाताला सवय पुण्याची. एकूण एक दिवा बंद, बटणं बंद, शेगडी दोनदा तपासली, आणि शेवटी थर्मोस्टॅटही बंद! "रिकाम्या घराला कशाला हवी हीट?" पाण्याचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही. मी मात्र खाली खूश. बरी जिरली म्हटलं त्या थर्मोस्टॅटची!

चार दिवसांत घर बाहेरच्याइतकंच गार पडलं. आईच्या बाथरूमचा पाइप बाहेरच्या भिंतीतून जातो. तो गोठला, फुगला आणि फाटला. मला सगळं कळत होतं, पण स्वतःहून बंद होणं माझ्या हातात कुठे होतं? मग एके दिवशी स्वच्छ ऊन पडलं, पाइपातला बर्फ सुटला आणि पाणी धो धो वाहायला लागलं.

दुसऱ्या दिवशी विनय टपाल बघायला आला, तेव्हा खाली घोट्यापर्यंत पाणी होतं. त्याने तिथूनच पुण्याला फोन लावला. "रवी, पाइप फुटलाय! मेन व्हॉल्व्ह कुठाय तुमचा?"

फोनमधून रवींद्रचा आवाज आला, "असेल रे तिथेच कुठेतरी... शैलजा, आपला व्हॉल्व्ह कुठे असतो गं?"

अडीच वर्षं! अडीच वर्षं यांना पाणी दिलं मी! इतकं मनाला लागलं म्हणून सांगू.

शेवटी विनयने खोके भिरकावले आणि मला धरलं. ज्या हाताची इतकी वाट पाहिली तो आला, आणि मी हललोच नाही. न फिरून फिरून जाम झालो होतो. तो घरी जाऊन पाना घेऊन आला, त्यात वीस मिनिटं गेली. मग करकरत फिरलो, मूठ तुटली, पाणी थांबलं. पण तोवर आईची खोली गेली ती गेलीच.

जानेवारीत शोभाताई आल्या. कारपेट उपटलेलं, भिजलेल्या पातळ भिंती अर्ध्यापर्यंत कापून काढलेल्या. शैलजा दारातच रडायला लागली. "आई, तुझी खोली..."

"रडतेस काय? रुहीच्या खोलीत झोपेन मी. पण मेन कॉक नव्हता का बंद केला?"

"तूच शिकवलंस ना, घर सोडताना सगळं बंद करायचं!"

"मग सगळ्यात पाणी येत नाही का गं?"

प्लंबरने माझ्या जागी नवा बसवला. लाल दांड्याचा, चकचकीत. शोभाताई दर रविवारी रुहीला खाली आणतात आणि त्याला एकदा बंद, एकदा चालू करायला लावतात. पहिल्याच रविवारी त्यांना मी बादलीत दिसलो. त्यांनी मला उचललं, पदराने पुसलं. "याला कधी कोणी फिरवलंच नाही. मग अडकणारच की बिचारा."

एवढंच बोलल्या आणि परत ठेवलं. मग दोघी त्या लाल दांड्याकडे वळल्या. दर रविवारी दोन-दोन हात लागतात त्याला! मी बघतो आणि जळतो.

उद्या कचऱ्याची गाडी येईल. जाता जाता एकच मागतो. तुमच्याही घरात माझा एखादा भाऊ असेल, जिन्याखाली, खोक्यांमागे. थंडी पडायच्या आत त्याला शोधा आणि एकदा फिरवून या. तो करकरेल, कुरकुरेल. मनावर घेऊ नका. आनंद झालेला असेल त्याला.