तोंडात मोजा, तरी खेकड्यांची खैर नाही

मी जपानातल्या कावासाकी शहरातला सगळ्यात मोठा आवाज बोलतोय. माझ्यापुढे पोलिसांची गाडी पुटपुटते आणि निवडणुकीचे भोंगे शिंकतात. आता खरं सांगतो. माझ्या तोंडात परवापर्यंत एक राखाडी लोकरी मोजा कोंबलेला होता आणि दबकं बोलायची सवय अजून गेलेली नाही, तेव्हा जरा जवळ सरका, नाहीतर ऐकू यायचं नाही.

मी मेगाफोन. बॅटरीवाला नव्हे, तसले नोकरदार स्टेशनवर असतात. मी साधा, लाल प्लास्टिकचा, दोन्हीकडून उघडा. एकीकडून माणसाचा मूर्खपणा आत जातो, दुसरीकडून मोठा होऊन बाहेर पडतो. मधल्या मधे मी काही करत नाही अशी लोकांची समजूत आहे. ती तशीच राहू द्या.

माझा जन्म एदोगावातल्या एका बारक्या कारखान्यात झाला. आम्ही जोडीनं जन्मतो. इथल्या बेसबॉलच्या मैदानात मेगाफोन तोंडाला लावतात कमी आणि एकमेकांवर आपटतात जास्त. जन्मल्या दिवसापासून सख्ख्या भावाच्या डोक्यावर डोकं आपटायचं, हाच आमचा धर्म. माणसांना त्यासाठी आधी जमिनीच्या वाटण्या व्हाव्या लागतात, आम्हाला तेवढीही गरज नाही. माझा भाऊ पहिल्याच हंगामात गेला. सामना हरल्यावर मालकाच्या हातातून सुटला आणि स्टेडियमच्या वरच्या मजल्यावरून खाली एका टकलावर पडला. मी खूप हसलो. मग कळलं, आता डोकं आपटायला कोणी उरलं नाही.

पोटावर माझ्या संघाचं चित्र आहे: लाल खेकडा. लाल प्लास्टिकवर लाल खेकडा, म्हणजे दिसतच नाही. आमचा संघही तसाच. कावासाकी क्रॅब्ज मैदानावर असतात, पण दिसत नाहीत. गेल्या हंगामात सहा संघांत सहावे आले. सातवा संघ असता तर सातवे आले असते, एवढी जिद्द आहे पोरांत.

माझे पहिले मालक तादोकोरो-सान. रेल्वेतून निवृत्त झालेले, गुडघ्यांनी अधू, लहानपणापासून खेकड्यांचे भक्त. त्यांच्या डोक्यावरच्या मजल्यावर श्रीहरी दाबके राहायला आले. मूळचे पुण्याचे, सेंदाईच्या विद्यापीठात संशोधन करून कावासाकीच्या एका कंपनीत चिकटलेले. या गृहस्थांना टीव्हीवर सामना बघताना ओरडायची सवय. क्रिकेट इथे दिसत नाही, म्हणून मिळेल त्यावर ओरडतात.

एका संध्याकाळी तादोकोरो-सान वर गेले, वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "आपल्या घरात फार उत्साह असतो हो."

इथल्या माणसाला यात पुढची सगळी तक्रार ऐकू आली असती. दाबक्यांना कौतुक ऐकू आलं. "मग आत या ना!" म्हणाले आणि त्यांनी म्हाताऱ्याला चहा पाजला. म्हाताऱ्याला टीव्हीवर खेकडे दिसले, तोही बसला आणि दोघं मिळून ओरडले. दुसऱ्या दिवशी दाबक्यांच्या दाराला एक पिशवी लटकलेली होती. आत मी, आणि एकच मोजा. दाबक्यांनी दुसरा मोजा पिशवीत दोनदा शोधला. कुमुदिनीबाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, अर्थ बरोबर कळला. त्यांनी मोजा उचलला आणि माझ्या घशात घातला. तेव्हापासून मी असा बोलतो.

माझ्या शिक्षणाचं म्हणाल तर जे माझ्यात बोललं गेलं तेवढंच. त्यामुळे मला जपानी येते ती फक्त आरोळ्यांपुरती, मराठी फक्त टोमण्यांपुरती, आणि इंग्रजीत 'नो, नो, नो' एवढंच. पण एवढ्यावर माणसं कंपनीत मॅनेजर झालेली मी पाहिली आहेत.

हंगाम संपला की माझी अवस्था विचारू नका. कुमुदिनीबाई मोजा तेवढ्यापुरता काढतात आणि मला उलटा धरून बरणीत तुरीची डाळ ओततात. स्टेशनाजवळच्या बेंतोच्या, म्हणजे जेवणाच्या डब्यांच्या, दुकानात बाइतो, म्हणजे तासावारी काम, करून करून त्यांना कुठलीही वस्तू रिकामी बसलेली बघवत नाही. मैदानात पंचाची आई-बहीण आठवणारा मी सहा महिने नरसाळं असतो. म्हणून मार्चमधल्या माझ्या पहिल्या आरोळीबरोबर डाळीचे एकदोन दाणे उडतात. मी धीरजच्या चष्म्यावर नेम धरतो. धीरज म्हणजे दाबक्यांच्या ऑफिसातला तरुण सहकारी, ज्याच्या मते बेसबॉल हे क्रिकेटचं न शिकलेलं भावंड आहे. गेल्या वर्षी दाणा बरोबर काचेवर बसला. आमच्या पिचरांपेक्षा माझा नेम बरा.

तर दर मार्चमध्ये, हंगाम सुरू व्हायच्या आधीच्या एका रविवारी, या घरात छाननी असते. नव्या खेळाडूंचं पुस्तक बाजारात आलं की दाबके ते आणतात, तादोकोरो-सान काठी टेकत वर येतात, धीरज येतो आणि साबुदाणा वडे तळले जातात. दाबके मला तोंडाला लावून एकेक नाव पुकारतात आणि निकाल देतात: 'ठेवा' किंवा 'काढा'. 'ठेवा' फारसं कोणाच्या वाट्याला येत नाही. मागच्या खेपेला शेवटी चौघंच उरले, त्यातला एक प्रशिक्षक होता आणि एक खेकड्याचा वेष घालून नाचणारा.

सांगायला काय लाजायचं? 'काढा' म्हणताना माझं प्लास्टिक गरम होतं. एवढी मजा दुसऱ्या कशात नाही.

यंदा मात्र एक निकाल पुस्तकाबाहेरचा लागायचा होता, आणि तो मला नि कुमुदिनीबाईंना ठाऊक होता. दाबक्यांची मुलगी कश्मिरा. तिला सेंदाईत बापाच्याच जुन्या प्रयोगशाळेत प्रवेश मिळालेला. बापानं अर्ध्या पुण्याला फोन करून सांगून झालं होतं. पण पोरीनं गुपचूप क्रॅब्जच्या मैदानावर आवाजाची चाचणी दिली होती आणि पास झाली होती. खेळाडूचं नाव पुकारणारी बाई असते ना, ती. संघाच्या दुसऱ्या फळीचे सामने नदीकाठच्या मैदानावर होतात, तिथे. सेंदाईला हो किंवा नाही सोमवारी कळवायचं होतं, आणि छाननी होती रविवारी. सराव तिनं माझ्याच समोर, डाळीच्या बरण्यांशेजारी उभं राहून केला होता. मी तोंड उघडं ठेवून ऐकत होतो. मला दुसरा इलाजही नाही.

छाननी सुरू झाली.

"अठरा नंबर, कुरोइवा!" दाबके माझ्यातून म्हणाले. "मुख्य पिचर. चेंडू विजेसारखा, खांदा मात्र सरकारी. पाचव्या डावात जेवायला जातो तो परत येत नाही. काढा!"

"अहो, मुख्य पिचर काढल्यावर टाकणार कोण?" कुमुदिनीबाई.

"आत्ता तरी कोण टाकतंय?"

"चव्वेचाळीस, डॉबसन. अमेरिकेहून आणलेला पाहुणा."

"फोटोत दंड बघा केवढे आहेत," धीरज म्हणाला.

"दंड आहेत रे, पण बॅट हलते आणि चेंडू पुढे निघून जातो. सोसायटीचा वॉचमन असतो ना, गाडी आत गेल्यावर उठणारा? काढा!"

मग आला निशिओजी, शाळेतून थेट घेतलेला नवा पोरगा. इथे पुस्तक कुमुदिनीबाईंनी ओढून घेतलं. त्या पुस्तकात प्रत्येकाचा रक्तगट, गाव, उंची, आवडता पदार्थ असं सगळं असतं, आणि बाईंना ते बेसबॉलचं पुस्तक वाटतच नाही. "उंची छान आहे. रक्तगट ओ. दोन भावांत थोरला. आईच्या हातची करी आवडते. ठेवा."

"आई, त्याला बॅटिंग येते का ते बघ ना," कश्मिरा जपानीतून म्हणाली.

"शिकेल. घर चांगलं आहे."

"कुमुद, आपण स्थळ बघत नाहीये," दाबके म्हणाले.

"तुम्ही मला बघायला आला होतात तेव्हा तुमची बॅटिंग कोणी विचारली होती?"

तादोकोरो-सानना हे मराठी कळलं नाही, पण ते हसले. हसण्याची वेळ त्यांना नेहमी बरोबर कळते. म्हातारा लबाड आहे. त्याच्या पिशवीतून मीच आलो ना.

असे एकेक करत आम्ही कॅचर काढला, कर्णधार काढला. धीरजनं राखीव फळीही काढली, म्हणाला, "दाबके-सान, यांच्यापेक्षा आमच्या डोंबिवलीच्या गल्लीतला रणजित बरा, आणि त्याला एक डोळा कमी आहे." मी दाणा मारला. हुकला.

"सत्तेचाळीस, सोनेदा!"

तादोकोरो-सान नीट बसले. सोनेदा म्हणजे एक्केचाळीस वर्षांचा डावखुरा पिचर. सामन्यात एका फलंदाजापुरता येतो, चार चेंडू टाकतो आणि टॉवेल गुंडाळून बसतो. म्हाताऱ्याचा फार लाडका.

"हा अजून आहे?" दाबके खुशीत आले. मलाही गुदगुल्या झाल्या. "याला मैदानावर आणायला आता रुग्णवाहिका लागेल. याचा चेंडू कॅचरपर्यंत जाईस्तो प्रेक्षक चहा पिऊन येतात. याचे आणि तादोकोरो-सानचे गुडघे एकाच डॉक्टरकडे आहेत म्हणे! काढा!"

शेवटची दोन वाक्यं त्यांनी जपानीत म्हटली, म्हाताऱ्याला कळावीत म्हणून. धीरज हसता हसता थांबला. तादोकोरो-सान मान हलवत म्हणाले, "खरं आहे. खरं आहे." आणि वड्याकडे बघत राहिले.

मी? मी हसत होतो. मोज्यामुळे ते खोकल्यासारखं वाजलं.

तेव्हा कश्मिरा उठली. तिनं पुस्तक बापाच्या हातातून घेतलं, मला घेतलं नाही. खिडकीकडे तोंड करून उभी राहिली आणि तोच आवाज काढला, बरण्यांशेजारचा. हळू, सरळ, प्रत्येक अक्षराला जागा देणारा. "पिचरच्या बदलाची सूचना. पिचर, सोनेदा. पाठीवरचा नंबर, सत्तेचाळीस."

एवढंच. ओरडली नाही की सजवलं नाही.

आणि तादोकोरो-सान उठले. काठी न घेता. जमिनीवर बसलेला, उठताना तीनदा हुश्श करणारा म्हातारा नाव ऐकलं तसा उभा राहिला आणि टाळ्या वाजवू लागला. मग आपण कुठे आहोत ते ध्यानात येऊन ओशाळला, तरी लगेच बसला नाही.

"छान म्हणतेस की," दाबके म्हणाले. "कुठे शिकलीस?"

"नोकरी मिळाली आहे, बाबा. नदीकाठच्या मैदानावर. एप्रिलपासून." या वेळी मराठीत. "सेंदाईला मी नाही म्हणणार आहे."

 कुमुदिनीबाईंनी वड्यांखालचा गॅस बंद केला.

"तुला माहीत होतं?" दाबके बायकोला म्हणाले.

"स्वयंपाकघर माझं आहे. तिथे काय होतं ते मला माहीत असतं."

"मी सेंदाईत बर्फातून सायकल ढकलत प्रयोगशाळेत जात होतो ते काय याच्यासाठी? तिथले माझे सर उद्या मला काय म्हणतील? आणि नोकरी कसली, तर सहाव्या नंबरच्या संघाच्या दुसऱ्या फळीची! तीही एक वर्षाच्या करारावर!"

"दाबके-सान, जरा..." धीरज म्हणाला.

"तू गप. वडा खा."

मग त्यांनी मला उचललं. बोट घालून मोजा उपटला आणि भिरकावला. इतक्या वर्षांनी ओरडण्यासाठी माझा घसा मोकळा झाला! मला वाटलं, आता बघाच. सगळी इमारत ऐकेल. तिला काढा, सेंदाईला ठेवा, एकदाचा निकाल लागू द्या. मी त्या घरातल्या कोणाच्याही बाजूनं कधीच नव्हतो, आवाजाच्या बाजूनं होतो.

तुम्हाला माझी आजची स्थिती आधी सांगून टाकतो, कारण पुढचं शेवटचं वाक्य माझं नाही. मी फ्रिजवर आडवा पडलोय. मोजा तादोकोरो-सान खाली घेऊन गेले, त्यांच्याकडे दुसरा होता. डाळ ओतायला बाईंनी खरंखुरं नरसाळं आणलंय, निळं, गर्विष्ठ, पोटावर काही नाही. जाताना म्हाताऱ्यानं सगळ्यांसमोर विचारलं की नदीकाठच्या मैदानावर बसायला पाठ टेकायची सोय आहे का. दाबक्यांनी पुस्तक फेकलं नाही, एवढं खरं. इथे प्लास्टिकचा कचरा ठरलेल्या दिवशीच उचलतात, आणि तो दिवस कोणता ते मला माहीत आहे. कोणी विचारलं तर सांगू नका.

आता ते वाक्य. दाबके मोकळ्या घशानं माझ्यातून गरजले. खालच्या रस्त्यावरचा सायकलवाला थांबून वर बघू लागला.

"नावं वाचायची नोकरी! नावं काय, इतकी वर्षं मी इथे बसून वाचतोच आहे!"

कश्मिरा वळली. आवाज तोच होता, हळू, प्रत्येक अक्षराला जागा देणारा.

"तुम्ही वाचलं की माणूस बसतो, बाबा. मी वाचलं की उठतो."